अंधारात बोट ट्रेलरवर चढवताना: उजेड कुठे, किती आणि कोणत्या तारेवर

मे महिन्यात मिनेसोटात वॉलाय माशाचा हंगाम उघडला की इथल्या मराठी बोटवाल्यांचे प्रश्न यायला लागतात, आणि त्यातला एक दरवर्षी ठरलेला असतो. वॉलाय संध्याकाळी चांगला लागतो, त्यामुळे निघायला उशीर होतो. रॅम्पवर पोचेपर्यंत काळोख पडलेला असतो, ट्रेलर पाण्याखाली गेलेला असतो आणि बोट नेमकी कुठे घालायची ते कळत नाही. मग कुणीतरी एलईडीची पट्टी विकत आणतं, ट्रेलरच्या मागच्या दिव्याच्या तारेला जोडून टाकतं. पुढच्या उन्हाळ्यात पट्टी तर बंद असतेच, शिवाय उजवा इंडिकेटरही लागत नाही.

विस्कॉन्सिन, मिशिगन, इलिनॉय इथल्या वाचकांचीही हीच तक्रार असते. ज्यांच्याकडे सोळा ते वीस फुटांची बोट, एका आसाचा ट्रेलर आणि ओढायला एसयूव्ही किंवा पिकअप आहे, अशांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: रात्रीच्या कामाचे दिवे थोडे असावेत, मंद असावेत, नेमक्या जागी असावेत आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या वायरिंगपासून पूर्ण वेगळे असावेत.

आधी ठरवा: काय दिसायला हवं?

बोट चढवताना सुकाणूवरच्या माणसाला फार थोड्या गोष्टी दिसाव्या लागतात. ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना उभे असणारे गाइड पोस्ट, म्हणजे ते पांढरे पाइप. त्यांच्या मधली जागा, जिथे कार्पेट लावलेल्या लाकडी फळ्या, म्हणजे बंक, पाण्याखाली असतात. आणि समोर विंचचा खांब. रॅम्पवर उभ्या असलेल्या माणसाला विंचचा हुक, बोटीच्या नाकाची कडी आणि आपला पाय पडतो ती जागा दिसली की पुरे. शेवाळलेल्या काँक्रीटवर पाय घसरून पडणं हा रॅम्पवरचा अगदी नेहमीचा अपघात आहे.

यापलीकडे उजेड टाकला तर तो कामाला येत नाही, उलट नडतो. पिकअपच्या मागे मोठा फ्लडलाइट लावला की तो थेट बोटीवरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. त्याला समोर फक्त पांढरा झगझगाट दिसतो आणि पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड उरलंसुरलं झाकून टाकतो. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तलावावरून येताना झालेली ती सवय असा दिवा क्षणात मोडतो. म्हणून दिवा निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा उजेड वस्तूवर पडणार आहे की माणसाच्या तोंडावर?

पैसे घालण्याआधी टेप लावून बघा

दिव्यांचा विचार करण्याआधी रिफ्लेक्टिव्ह टेपचं एक भेंडोळं आणा. ट्रकच्या बाजूला लाल-पांढरी लावतात ती चालते. साधी पांढरी घेतलीत तर आणखी बरं. गाइड पोस्टच्या वरच्या फूटभर भागावर ती गोल गुंडाळा. विंचच्या खांबावर बोटीकडे तोंड करून एक उभी पट्टी लावा. आता बोटीवरच्या माणसाने डोक्याला लावायचा साधा हेडलॅम्प मंद करून समोर पाहिलं की तिन्ही खुणा उजळतात आणि बोटीची मधली रेषा आपोआप जुळते.

दुसरी खूण याहून उपयोगाची आहे. दिवसाउजेडी एकदा बोट नीट, सरळ, फारसा जोर न लावता चढली की पाणी गाइड पोस्टवर किंवा मडगार्डवर नेमकं कुठपर्यंत आलं आहे ते बघा आणि तिथे टेपची एक पट्टी लावा. रात्री ट्रेलर तेवढाच बुडवायचा. अंधारात बोट वाकडी बसते त्याचं कारण बहुतेक वेळा उजेडाची कमतरता नसते. ट्रेलर जास्त खोल गेलेला असतो. बंक पूर्ण खोल गेले की बोट त्यांच्यावर टेकत नाही, वाऱ्याने इकडेतिकडे सरकत राहते. वर ओढताना ती जिथे असेल तिथे, तिरकीच बसते. ही चूक दिव्यांनी सुटणार नाही.

वर्षातून तीन-चारदाच रात्र होत असेल तर टेप, चांगला हेडलॅम्प आणि विंचपाशी ठेवायचा एक चार्जिंगचा दिवा एवढ्यावर भागवा. लोहचुंबकाचे दिवे घेण्याआधी ट्रेलर कशाचा आहे ते पाहा. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला चुंबक चिकटत नाही. झिंक चढवलेल्या पोलादाला चिकटतो.

वीज कुठून घ्यायची

खरी गफलत इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

छोट्या ट्रेलरला बहुतेक वेळा चार तारांचा चपटा प्लग असतो. रंगांची रूढ वाटणी अशी: पांढरी म्हणजे अर्थ, इथले मेकॅनिक जिला ग्राउंड म्हणतात; तपकिरी मागच्या आणि बाजूच्या दिव्यांची; पिवळी डाव्या इंडिकेटरची आणि ब्रेकची; हिरवी उजव्या इंडिकेटरची आणि ब्रेकची. पाच तारांच्या प्लगमध्ये निळी वाढते, ती रिव्हर्सची. ट्रेलरला स्वतःचे सर्ज ब्रेक असतील तर गाडी मागे घेताना ते लागू नयेत यासाठी ती तार वापरलेली असते. सात पिनांच्या गोल प्लगमध्ये रिव्हर्सचा सिग्नल आणि शिवाय बारा व्होल्टचा थेट पुरवठाही मिळतो. रंग मात्र अंतिम सत्य मानू नका. जुन्या मालकाने किंवा कुठल्या गॅरेजने काय जोडलंय ते टेस्टर लावल्याशिवाय कळत नाही.

आता पर्याय.

तपकिरी तारेवरून घेणं. सगळ्यात सोपं, म्हणून सगळे हेच करतात. गाइड पोस्टच्या टोकावर बसणारे लाल एलईडी दिवे यावर चालवायला हरकत नाही. ते मागच्या दिव्यांबरोबर लागतात, पाण्याच्या वर राहतात आणि हायवेवर मागच्या गाडीलाही ट्रेलर नीट दिसतो. पण पांढरे दिवे या तारेवर कधीही घेऊ नका. तपकिरी तार रस्त्यावर रात्रभर चालू असते आणि नंबरप्लेट व रिव्हर्स सोडून मागच्या बाजूला पांढरा उजेड दाखवून चालवता येत नाही. मागून येणाऱ्याला गाडी समोरून येते आहे असं वाटलं तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय गाडीच्या त्या तारेवर किती अँपिअर घेता येतात याला मर्यादा असते आणि ती मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. ती ओलांडली तर गाडीतलं ट्रेलरचं मॉड्यूल जातं, आणि ते स्वस्त नसतं.

रिव्हर्सच्या तारेवरून घेणं. कागदावर हे फार पटतं: गाडी मागे घेतली की दिवे लागणार, पुढे घेतली की बंद. पण बोट चढवताना तुम्ही काय करता ते आठवा. ट्रेलर पाण्यात घालता, गाडी पार्कमध्ये टाकता, हँडब्रेक ओढता आणि मग बोट येते. पार्कमध्ये टाकल्याबरोबर रिव्हर्सची वीज जाते. ट्रेलर रॅम्पवरून सरळ मागे नेण्यासाठी ही सोय चांगली आहे. बोट चढवण्यासाठी तिचा उपयोग नाही. लावायचीच असेल तर मंद दिव्यांसाठी लावा आणि त्यावर विसंबू नका.

सात पिनांच्या प्लगमधला थेट पुरवठा. हा चांगला पर्याय आहे, पण दोन गोष्टी तपासा. काही गाड्यांत चावी बंद केली की हाही बंद होतो. आणि मध्ये स्विच हवाच, नाहीतर प्लग लावल्यापासून काढेपर्यंत दिवे जळत राहतील.

ट्रेलरवर वेगळी बॅटरी. माझी पसंती याला. बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी दोन-अडीच किलोची असते. ती विंचच्या खांबाला झाकणाच्या प्लास्टिक डब्यात बसते, म्हणजे पाण्याच्या बरीच वर. गाइड पोस्टचे दोन दिवे आणि खालच्या दोन छोट्या पट्ट्या मिळून एक अँपिअर घेतात असं धरलं, तर हिशोबाने सात तास. प्रत्यक्षात निम्मे धरा. रॅम्पवरच्या वीस मिनिटांसाठी हे भरपूर झालं. गाडी कुठली आहे, प्लग चारचा की सातचा, गाडी लीजवर आहे की स्वतःची, हे प्रश्नच उरत नाहीत. आणि उद्या या दिव्यांत पाणी शिरून शॉर्ट झालं तरी ब्रेकचे दिवे शाबूत राहतात.

बॅटरी लावलीत तर फ्यूज तिच्या धन टोकापासून वीतभराच्या आत बसवा. पाच अँपिअरचा पुरेसा आहे. फ्यूज दिव्यापाशी लावणारे पुष्कळ असतात. मग मधली सगळी तार उघडी पडते आणि ती लोखंडाला घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते.

एक गोष्ट मात्र कधीच नको. धक्क्यावरच्या एकशेवीस व्होल्टच्या सॉकेटमधून किंवा इन्व्हर्टरमधून वायर ओढून हॅलोजन लावणं. पाण्यात उतरलेला विजेचा प्रवाह पोहणाऱ्याचे स्नायू लुळे पाडतो आणि माणूस बुडतो. त्याच्या अंगावर खूणही राहत नाही. बारा व्होल्टच्या पलीकडे पाण्याजवळ जायचं नाही.

दिवे घेताना

- पाकिटावर आयपी 67 किंवा आयपी 68 असेल तरच घ्या. 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. 68 म्हणजे त्याहून जास्त, किती ते बनवणारा सांगतो. ट्रेलरला 67 पुरतो. मात्र घरात सजावटीला लावतात ती चिकटपट्टीची एलईडी, वर सिलिकॉनचा थर असला तरी, या कामाची नाही. ती कापलेल्या टोकातून पाणी पिते.
- जुने बल्ब पाण्यात का फुटायचे? तापलेला बल्ब थंड पाण्यात गेला की काच तडकायची किंवा आतली हवा आकसून पाणी ओढून घ्यायची. पूर्ण सीलबंद एलईडीत ती अडचण नाही. पण जुने बल्ब अजून असतील तर पाण्यात नेण्याआधी ट्रेलरचा प्लग काढण्याची सवय ठेवा, आणि निघण्यापूर्वी तो परत लावण्याची त्याहून जास्त.
- तपकिरी तारेवरचे लाल सोडले तर रंग पांढरा किंवा पिवळसर घ्या. निळा नको, कित्येक राज्यांत तो पोलिसांसाठी आणि आपत्कालीन वाहनांसाठी राखीव आहे. डाव्या खांबाला लाल आणि उजव्याला हिरवा लावण्याची हौस काहींना असते. तीही नको, कारण रात्री पाण्यावर लाल आणि हिरवा म्हणजे बोट असाच अर्थ लोक घेतात.
- दिव्यातून निघणारी तार किमान फूटभर आणि दोन तारांची असावी. एकच तार असलेला दिवा स्क्रूमधून चौकटीचा अर्थ घेतो. तो घेऊ नका. कारण पुढे आहे.

कुठे बसवाल

गाइड पोस्टच्या टोकावर दोन. हे कायम पाण्याबाहेर राहतात, म्हणून सगळ्यात जास्त टिकतात. तार पाइपच्या आतून खाली आणा. तपकिरी तारेवरचे लाल असतील तर तोंड मागे. बॅटरीवरचे पांढरे असतील तर ते आतल्या बाजूला आणि खाली वळवा, म्हणजे उजेड दोन खांबांमधल्या पाण्यावर पडेल.

बंकच्या खालच्या आधाराला, चौकटीच्या आतल्या कडेला, दोन छोट्या पट्ट्या, तोंड मधोमध. पाण्याखाली त्या लागल्या की दोन फळ्यांच्या कडा खालून उजळतात आणि मधली वाट स्पष्ट होते. तलावाचं पाणी गढूळ असेल तर हे दिसणार नाही. तुमच्या तलावाचं पाणी तुम्हाला माहीत आहे; त्यानुसार या पट्ट्यांवर खर्च करायचा की नाही ते ठरवा.

विंचच्या खांबावर एक लहान दिवा, थेट हुकावर पडणारा. त्याला वरून टोपी असावी, म्हणजे बोटीवरच्या माणसाला तो दिसणार नाही.

छिद्र पाडायची वेळ आली तर आधी चौकटीत आहेत ती छिद्रं वापरा, नाहीतर स्टेनलेसच्या क्लँपवर भागवा. झिंक चढवलेल्या पोलादात नवं भोक पाडलंत तर कडेला झिंकचा रंग लावा. ज्या दांड्यावर ओढण्याचा सगळा जोर येतो, त्या पुढच्या दांड्यात भोक पाडू नका.

जोडणी: टिकणं न टिकणं इथेच ठरतं

बंद पडलेले दिवे उघडून पाहिले तर बहुतेक वेळा दिवा चांगला असतो, जोड गेलेला असतो. बाजारात निळ्या प्लास्टिकचे चिमटे मिळतात. चालू तारेवर बसवून पक्कडीने दाबले की आतलं पातं तारेचं आवरण कापून तांब्याला टेकतं. घाईच्या कामाला ते छान वाटतात. एका हंगामानंतर असा चिमटा उघडून बघा. आत हिरवी भुकटी साचलेली असते, पातं गंजलेलं असतं, आणि तार दोन्ही बाजूंना सोलत गेलात तर तांबं काळं पडलेलं सापडतं, कधी बोटभर, कधी वीतभर. पाणी आवरणाच्या आतून, बारीक तारांच्या मधल्या फटींतून चढत गेलेलं असतं. काळ्या तांब्याला नवा जोड धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापून टाकावी लागते.

म्हणून असं करा:

1. कल्हई केलेली तांब्याची, बोटीसाठी म्हणून विकली जाणारी तार घ्या. सोळा गेजची पुरते. साध्या तांब्यापेक्षा महाग आहे, पण इथे काटकसर करू नका.
2. जोड कमीत कमी ठेवा, आणि शक्य तेवढे विंचच्या डब्यात, पाण्याच्या वर आणा. म्हणजे प्रत्येक दिव्याची तार अखंड डब्यापर्यंत न्या. तार जास्त लागते. डोकेदुखी कमी होते.
3. पाण्याखाली जोड टाळता येत नसेल तर क्रिंप करा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा मणी बाहेर आलेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर जोड सीलबंद झालेला नाही. साधी इन्शुलेशन टेप पाण्यात धरत नाही.
4. प्रत्येक दिव्याची पांढरी तार वेगळी ओढून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्या. चौकटीतून अर्थ घेऊ नका. गंज, रंग आणि पुढचा दांडा दुमडत असेल तर तिथली पिन, यातली प्रत्येक गोष्ट वीज अडवते.
5. चौकटीच्या ज्या भोकांतून तार जाते तिथे रबरी बूच बसवा. चाकांजवळ आणि स्प्रिंगांजवळ तार ताणून बांधू नका. ट्रेलर खालीवर होताना तिला थोडी ढील लागते.
6. स्विच पाण्यापासून सुरक्षित, रबरी टोपीचा घ्या आणि उभं राहून हात पोचेल असा लावा. त्याच्याजवळ एक बारीक लाल दिवा जोडा, तो गाडीच्या आरशात दिसेल असा. दिवे चालू ठेवूनच हायवेला लागणं ही इथली सगळ्यात सामान्य चूक आहे.

स्वतः करायचं नसेल तर बोटीचं काम करणाऱ्या दुकानात द्या, पण वरच्या यादीतला दुसरा, तिसरा आणि चौथा मुद्दा लेखी अंदाजपत्रकात लिहून घ्या. "आम्ही नेहमीप्रमाणे करू" म्हणजे बहुधा निळे चिमटे.

पहिली चाचणी घरी, दुसरी दिवसा, तिसरी रात्री

घराच्या ड्राइव्हवेवर अंधार पडल्यावर दिवे लावा आणि बोट जिथून येणार त्या उंचीवर, शिडीवर किंवा खुर्चीवर बसून पाहा. एकही दिवा थेट डोळ्यांत जात असेल तर तो वळवा. गाडीचा प्लग जोडून इंडिकेटर, ब्रेक, पार्किंग सगळं तपासा. मग दिवसा रॅम्पवर एकदा बुडवून काढा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक दिव्यात वाफ धरली आहे का बघा. काचेच्या आत धुकं दिसलं तर दिवा बदलून घ्या. तो वाळत नाही. हे सगळं ठीक असेल तरच रात्रीच्या चाचणीला जा.

हायवेवरून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. चाकांचे हब तापलेले असतात. एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये खेचलं जातं. दहा-पंधरा मिनिटं सामान लावण्यात घालवा.

रॅम्पवरचा शिष्टाचार

- रांगेत पाण्याकडे तोंड करून उभे असाल तर हेडलाइट बंद करून फक्त पार्किंगचे दिवे ठेवा. पाण्यावरून येणाऱ्याला रॅम्प कुठे संपतो तेच तुमच्या हेडलाइटमुळे दिसत नाही. बऱ्याच गाड्यांत दिवसा लागणारे पुढचे दिवे हँडब्रेक ओढला की विझतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा.
- बोटीचे डॉकिंग लाइट हे गाडीच्या हेडलाइटसारखे वापरायचे नाहीत. तलावातून येताना लाल, हिरवा आणि पांढरा हेच दिवे. सूर्यास्त ते सूर्योदय ते लावणं कायद्याने बंधनकारक आहे.
- भारतातून आलेले आई-बाबा उत्साहाने टॉर्च घेऊन मदतीला उभे राहतात. त्यांना टॉर्च खाली, रॅम्पच्या कडेवर धरायला सांगा, बोटीकडे नको. आणि ट्रेलरच्या मागे किंवा ताणलेल्या विंचच्या पट्ट्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, मग नातं कोणतंही असो. मुलांचं लाइफ जॅकेट गाडीत बसेपर्यंत अंगावर राहू द्या.
- बोट बसली, हुक लागला, सुरक्षा साखळी लागली की लगेच वर या. पट्टे आवरणं, सामान काढणं हे सगळं वर, पार्किंगमध्ये.

दिवे विझवण्याआधी

खालच्या पट्ट्यांचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे वाटतो. मिनेसोटात तलाव सोडण्यापूर्वी बोटीवरची आणि ट्रेलरवरची पाणवनस्पती काढणं आणि सगळं पाणी काढून टाकणं सक्तीचं आहे. बोटीच्या तळाचं बूच काढायचं आणि रस्त्यावर ते काढलेलंच ठेवायचं. आजूबाजूच्या राज्यांतही याच धर्तीचे नियम आहेत. कारण साधं आहे: झेब्रा शिंपले आणि युरेशियन मिलफॉइल नावाचं पाणगवत अशाच ट्रेलरांवरून एका तलावातून दुसऱ्यात जातं, आणि एकदा शिरलं की निघत नाही.

रात्री घाईत लोक हेच विसरतात. वर आल्यावर खालचे दिवे चालू ठेवूनच आस, बंकच्या कडा, रोलर आणि मोटरचा पंखा पाहा. गवताचा एक तुकडाही हाताने काढा. बारीक शिंपले डोळ्याला दिसत नाहीत. बोटीच्या तळावरून तळहात फिरवा. पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागलं तर समजा. उरलेलं आमिष तलावात टाकू नका, कचऱ्यात टाका. बूच काढून खिशात ठेवा किंवा गाडीच्या चावीला अडकवा, म्हणजे पुढच्या वेळी ते लावायचं विसरणार नाही.

मग पांढरे दिवे बंद. आरशात लाल खूण नाही ना, ते बघून निघा.

नियम आणि तुमचे हक्क

अमेरिकेत वाहनांच्या दिव्यांसाठी संघीय मानक क्रमांक 108 लागू आहे. राज्यांचे नियम त्याबरोबर चालतात. त्यातलं तुमच्या उपयोगाचं एवढंच: ट्रेलरची रुंदी 80 इंच किंवा जास्त असेल तर रुंदी दाखवणारे दिवे आणि मागे मधोमध तीन लाल दिवे लागतात. रुंदीच्या दिव्यांबाबत बोटीच्या ट्रेलरला सवलत आहे: पुढे आणि मागे वेगळे लावण्याऐवजी प्रत्येक बाजूला मधोमध पुढे पिवळा, मागे लाल असा दिवा चालतो. तुम्ही नवे दिवे लावताना हे मूळ दिवे आणि रिफ्लेक्टर झाकले गेले तर नियमभंग होतो. म्हणून जास्तीचा दिवा लावा, मूळचा काढू नका.

पोलिसांनी बंद दिव्यावरून थांबवलं तर शांतपणे ऐकून घ्या. काही राज्यांत अशा चुकीला दुरुस्ती करून दाखवण्याची मुदत मिळते. चिठ्ठीवर तसं लिहिलंय का ते तिथेच वाचा आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवा.

गाडीच्या वॉरंटीबद्दल वाचकांना फार भीती असते. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे बाहेरचा भाग बसवला एवढ्या कारणावरून कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही. तो बिघाड तुमच्या भागामुळे किंवा जोडणीमुळे झाला हे तिने दाखवावं लागतं. मात्र गाडीची तार कापून जोडणी केली असेल तर ते दाखवणं सोपं होतं. म्हणून गाडीकडून वीज घ्यायचीच असेल तर मूळ प्लगमध्ये खोचून बसणारा तयार हार्नेस घ्या. लीजच्या गाडीला तर दुसरं काही करूच नका. डीलरने वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा.

बिघाड दिसला तर

- एक इंडिकेटर लावला की सगळेच दिवे मंद लुकलुकतात: अर्थ गेला आहे. प्लगजवळच्या पांढऱ्या तारेपासून सुरुवात करा.
- इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकतो, किंवा गाडी ट्रेलर जोडलेलाच नाही असं म्हणते: एलईडी इतकी कमी वीज घेतो की गाडीला बल्ब गेल्यासारखं वाटतं. त्यासाठी तुमच्या गाडीला चालणारं मॉड्यूल मिळतं.
- एकाच बाजूचे दिवे बंद: त्या बाजूचा जोड उघडा, हिरवी भुकटी शोधा.
- पाण्यात गेल्यावर बंद, वाळल्यावर चालू: कुठलातरी जोड सीलबंद नाही. वाळल्यावर चालू झाला म्हणून सोडून देऊ नका, पुढच्या वेळी तो रस्त्यात जाईल.

ऑक्टोबरअखेर ट्रेलर उभा करताना बॅटरी काढून घरात आणा. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी उतरलेली राहिली तर इथल्या थंडीत गोठून फुटते. पूर्ण चार्ज करून ठेवा आणि हिवाळ्यात मध्ये एक-दोनदा चार्जरला लावा. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर शून्य अंश सेल्सियसच्या खाली ती चार्ज करायची नाही. प्लगच्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या, तोंडावर टोपी चढवा, आणि प्लग जमिनीवर लोंबत न ठेवता विंचच्या खांबाला बांधा.